मेल सर्व्हर अपग्रेड झाला आणि कोल्ड रूमचे अलर्ट गप्प झाले

कोणाकडे औषधांच्या कोल्ड रूमचा, ब्लड बँकेचा, सर्व्हर रूमचा असा जुना टेम्परेचर मॉनिटर असेल आणि मेल सर्व्हर बदलल्यापासून त्याचे अलर्ट यायचे बंद झाले असतील तर हे तुमच्यासाठी लिहून राहिलो. मला हे सगळं जागोजागी तुकड्यातुकड्यात शोधावं लागलं, तेही बहुतेक इंग्रजीत, आणि मधे दिवाळी. म्हणून घडलं तसं सांगतो.

आमची नागपूरची फर्म औषधांची होलसेल आहे. ऑफिस गांधीबागला, गोदाम वाडीला अमरावती रोडवर. गोदामात एक कोल्ड रूम आहे, तिच्यात इन्सुलिन आणि बाकी २ ते ८ डिग्रीत ठेवायचा माल असतो. भिंतीवर मॉनिटरिंगचं डिव्हाइस, त्याला दोन प्रोब (तापमान मोजणारे सेन्सर), तापमान हद्दीबाहेर गेलं की ते बजर वाजवतं आणि आमच्या फार्मासिस्ट मॅडमला, सेठला आणि मला मेल पाठवतं. डिव्हाइस जुनं आहे, कंपनीने ते मॉडेल बनवणं कधीच बंद केलं, पण तापमान अजून बरोबर दाखवतं आणि दरवर्षी कॅलिब्रेशनमध्ये पास होतं. मी फर्मचे कॉम्प्युटर, टॅली, कॅमेरे, प्रिंटर सगळं बघतो, नेटवर्कचा कोर्स वगैरे केलेला नाही, लिनक्स थोडंफार येतं.

सप्टेंबर २०२५ च्या शेवटी आमच्या मेल होस्टिंगवाल्यांची सूचना आली, की ४ आणि ५ ऑक्टोबरला सर्व्हर अपग्रेड होणार, सिक्युरिटी वाढणार, तुमच्याकडून काहीही करण्याची गरज नाही. २ तारखेला दसरा, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी, रस्ते वळवलेले, अर्धा स्टाफ सुट्टीवर. सोमवारी ६ तारखेला सगळ्यांचं आउटलुक चालू, सेठच्या मोबाइलवर मेल चालू, विषय संपला.

शुक्रवारी १० तारखेला रात्री वाडीत लाईन गेली. जनरेटर आपोआप चालू व्हायला पाहिजे होता, त्याची बॅटरी उतरलेली. चौकीदार काकांनी बजर ऐकला आणि हाताने काहीतरी करून जनरेटर चालू केला, तोवर आत ९.४ डिग्री झालं होतं. सकाळी मॅडमनी डिव्हाइसची नोंद पाहिली आणि मला फोन, "रात्री नऊच्या वर गेलं होतं, अलर्ट काहून नाही आला हो?" मी माझा मेल पाहिला, काही नाही. स्पॅम पाहिला, काही नाही. मग मागे मागे गेलो तर शेवटचा अलर्ट ऑगस्टमधला, पण त्याचा काही अर्थ नव्हता कारण मधल्या काळात तापमान हद्दीबाहेर गेलंच नव्हतं. हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली, की सगळं ठीक असलं तरी मेल येत नाही आणि सगळं बंद पडलं तरी मेल येत नाही, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

मॅडमनी तो माल वेगळा काढून ठेवला, कंपन्यांना तापमानाच्या नोंदी पाठवल्या, डेव्हिएशन रिपोर्ट लिहिला. इन्सुलिनला थोड्या वेळाच्या उष्णतेपेक्षा गोठण्याची भीती जास्त असते, त्यामुळे कंपन्यांकडून माल वापरायला चालेल असं लेखी आलं, पण ते यायला वेळ लागला आणि तोवर सेठचा मूड काय होता ते सांगत नाही. त्याच दिवसापासून अलर्ट नीट होईपर्यंत दर दोन तासांनी हाताने रजिस्टरमध्ये तापमान लिहायचं आणि रात्री डिव्हाइसच्या स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा असं ठरलं. काका म्हणाले, "मशीन कायले लावली मंग?" त्यांचं काही चुकलं नाही. पण तुमच्याकडे असं झालं तर दुरुस्तीला हात लावण्याआधी हे रजिस्टर सुरू करा, तपासणी आली तर तेच दाखवावं लागतं.

आता डिव्हाइसकडे. त्याच्या सेटिंगच्या पानावर टेस्ट मेलचं बटण आहे, ते दाबलं की अर्धा मिनिट चक्र फिरतं आणि लिहून येतं, फेल. बस. कारण नाही, नंबर नाही. मग मी साधं साधं तपासत गेलो. डिव्हाइसमध्ये डीएनएस आणि गेटवे बरोबर. त्याच स्विचला लॅपटॉप लावला आणि टेलनेटने मेल सर्व्हरच्या ५८७ पोर्टला, म्हणजे मेल पाठवायच्या दाराला, जोडून पाहिलं, सर्व्हरने लगेच २२० म्हणून स्वागत केलं, म्हणजे इंटरनेट आणि फायरवॉल ठीक. तोच आयडी, तोच पासवर्ड थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये टाकून मेल पाठवला, गेला. म्हणजे पासवर्डही ठीक. एवढं सगळं शनिवारी दुपारपर्यंत झालं आणि मी अगदी आत्मविश्वासाने दोन्हीकडे तक्रार टाकली.

मग सुरू झाला तो खेळ जो सगळ्यांना माहीत आहे. डिव्हाइसवाले म्हणाले आमच्या बाजूने काही बदललं नाही, मेलवाल्यांना विचारा. मेलवाले म्हणाले तुमच्या बाकीच्या सगळ्या आयडी चालू आहेत, डिव्हाइसवाल्यांना विचारा, आणि आउटलुकचा स्क्रीनशॉट पाठवा. आता डिव्हाइसमध्ये आउटलुक कुठून आणू. तिकीट बंद, पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. दुसऱ्यांदा लिहिताना मी पद्धत बदलली, आणि ती कामाची आहे म्हणून सांगतो: टेस्टचं बटण दाबलं ती वेळ सेकंदासकट, आमच्या इंटरनेट कनेक्शनचा पब्लिक आयपी, कोणत्या आयडीने लॉगिन होतं तो आयडी, कोणता पोर्ट, आणि एकच मागणी, की या वेळेच्या सर्व्हर लॉगमधल्या ओळी जशाच्या तशा पाठवा. मेल येत नाही असं लिहिलं की ते पहिल्या पायरीवरच्या माणसाकडे जातं. लॉग मागितला की तो वर पाठवतो, कारण लॉग त्याला दिसतच नाही.

तिकडून उत्तर येईपर्यंत मी दुसऱ्या बाजूने घुसलो. डिव्हाइस आणि सर्व्हर नेमकं काय बोलतात ते पाहायचं होतं. गोदामातला स्विच साधा, त्यावर पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरचं बोलणं दुसऱ्यावर पाहायची सोय) नाही. म्हणून एक यूएसबीचा लॅन अडॅप्टर घेतला, सातशे रुपयांत आला, आणि लॅपटॉप मधे टाकला, एका बाजूला डिव्हाइस, दुसऱ्या बाजूला स्विच, विंडोजमध्ये दोन्ही कनेक्शन सिलेक्ट करून ब्रिज केले आणि नेटवर्कवरचं बोलणं दाखवणारं वायरशार्क चालू केलं. टेस्टचं बटण दाबलं आणि सगळं समोर दिसलं. डिव्हाइस नमस्कार करतं, सर्व्हर सांगतो की मला स्टार्टटीएलएस (पुढचं बोलणं एन्क्रिप्शनने कुलूपबंद करणं) येतं, डिव्हाइस म्हणतं चल सुरू कर, आणि पहिलाच क्लायंट हॅलो, म्हणजे त्या कुलपाची बोलणी सुरू करणारा निरोप, गेल्यावर सर्व्हर टीएलएसचा अलर्ट देऊन कनेक्शन तोडतो. अलर्टचं नाव प्रोटोकॉल व्हर्जन, नंबर ७०. डिव्हाइसला फक्त टीएलएस १.०, म्हणजे त्या कुलपाचं जुनं व्हर्जन, येत होतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. वायरशार्कमध्ये क्लायंट हॅलोच्या बाहेरच्या थरावर टीएलएस १.० असं नव्या, चांगल्या प्रोग्रॅमचंही दिसतं, जुन्या सर्व्हरांनी अडवू नये म्हणून ते तसंच पाठवतात. त्यामुळे आतल्या हँडशेकमधलं व्हर्जन उघडून पाहा, तेही १.० असेल तरच गडबड तिथे आहे. आणि नव्या लिनक्सवरून ओपनएसएसएल या टूलने सर्व्हरला १.० ने जोडून पाहायला गेलात तर तुमचं ओपनएसएसएलच नकार देईल, कारण ३.० पासून १.० आणि १.१ फक्त सिक्युरिटी लेव्हल शून्यवर चालतात. मग उगाच सर्व्हरला दोष द्याल.

बुधवारी, १५ तारखेला, होस्टिंगवाल्यांच्या वरच्या टीमकडून लॉग आला, त्यात तेच, अनसपोर्टेड प्रोटोकॉल. त्या माणसाने व्यवस्थित लिहिलं होतं की २०२१ च्या मार्चमध्ये आरएफसी ८९९६ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने टीएलएस १.० आणि १.१ दोन्ही रीतसर बाद केलेत, जुन्या सर्व्हरवर ते चालू राहिले होते, नव्यावर नाहीत, आणि एका ग्राहकासाठी ते सुरू करता येणार नाहीत. मला राग यायला हवा होता पण नाही आला, कारण त्याच सर्व्हरवर बाकी लोकांचेही पासवर्ड जातात. फक्त त्या सूचनेत तुम्हाला काही करण्याची गरज नाही याऐवजी जुने प्रिंटर, स्कॅनर, मॉनिटर तपासून घ्या एवढी ओळ असती तर बरं झालं असतं.

मग दिवाळी. धनत्रयोदशीला गांधीबागेत पाय ठेवायला जागा नाही, डिव्हाइसवाल्यांचा फोन भाऊबीजेपर्यंत कोणी उचलला नाही. सोमवारी २७ तारखेला त्यांचा इंजिनिअर आला. व्हिजिट २,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६०. तो म्हणाला फर्मवेअर या मॉडेलला आता येत नाही, फॅक्टरी रिसेट करून पाहू. मॅडमनी तिथेच थांबवलं, कारण रिसेटमध्ये जुन्या नोंदी उडतात आणि त्या आम्हाला ठेवाव्या लागतात. मग त्याने नव्या मॉडेलचं कोटेशन दिलं, ४६,५०० अधिक जीएसटी, शिवाय प्रोब नवीन, कॅलिब्रेशन नवीन. सेठनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "तू पाह्य ना काही जमते का." कोणी म्हणेल जीमेलची आयडी टाका, अॅप पासवर्ड घ्या. तेही पाहिलं, पण अडचण डिव्हाइसला टीएलएस १.२ येत नाही ही आहे, ती दुसऱ्या पासवर्डने सुटत नाही.

जमेल असं एकच दिसत होतं, मधे आपलाच छोटा रिले बसवायचा. डिव्हाइसने गोदामाच्या आतल्या आत, टीएलएसशिवाय, रिलेला मेल द्यायचा आणि रिलेने तो नव्या टीएलएसने, आयडी-पासवर्डसकट होस्टिंगच्या सर्व्हरला पोचवायचा. डिव्हाइसचा पासवर्ड मग डिव्हाइसमध्ये ठेवायचीही गरज नाही. ऑफिसात एक जुना पीसी पडला होता, सीताबर्डीवरून १,६५० ची छोटी एसएसडी आणली, डेबियन १३ हे लिनक्स टाकलं, पोस्टफिक्स हा मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम टाकला. रिलेहोस्टमध्ये होस्टिंगचा सर्व्हर आणि ५८७ पोर्ट, सासलचा (लॉगिनचा) पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये, ती फाइल फक्त रूटला वाचता येईल अशी, आणि बाहेर जाताना एन्क्रिप्शन सक्तीचं. मायनेटवर्क्समध्ये, म्हणजे भरवशाच्या मशीनच्या यादीत, मी फक्त मशीनचा स्वतःचा पत्ता ठेवला आणि डिव्हाइसच्या आयपीला वेगळ्या अॅक्सेस टेबलमधून परवानगी दिली, म्हणजे गोदामातल्या इतर कोणत्या पीसीत व्हायरस शिरला तर तो आमच्या नावाने जगभर मेल पाठवत बसायला नको.

पीसीवरून टेस्ट मेल, लगेच गेला. डिव्हाइसवरून टेस्ट मेल, फेल.

खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी ते कोटेशन खिशातून परत मागणार होतो. टीएलएस आता मधे नाही, पासवर्ड नाही, सगळं उघडं बोलणं, तरी फेल. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये एवढंच, की डेटा नंतर कनेक्शन तुटलं. पुन्हा वायरशार्क. यावेळी सगळं साध्या अक्षरात दिसत होतं, डिव्हाइसने कोणाकडून, कोणाला सांगितलं, सर्व्हरने २५० म्हटलं, डेटा म्हटलं, सर्व्हरने ३५४ देऊन टाक म्हटलं, डिव्हाइसने विषय लिहिला, तापमान लिहिलं, शेवटी एका ओळीवर नुसता टिंब दिला आणि थांबलं. सर्व्हरही थांबला. दोघं एकमेकांकडे पाहत बसले आणि थोड्या वेळाने डिव्हाइसने फोन ठेवला.

तो टिंबच सगळी भानगड होता. मेल संपला हे सांगायला एका ओळीवर एकटा टिंब द्यायचा असतो, पण त्याच्या आधी आणि नंतर ओळ संपल्याची खूण सीआर आणि एलएफ या दोन न दिसणाऱ्या अक्षरांच्या जोडीने लागते. आमचं डिव्हाइस नुसतं एलएफ पाठवतं. जुने सर्व्हर हे चालवून घ्यायचे. पण २०२३ च्या डिसेंबरमध्ये एसईसी कन्सल्ट या सिक्युरिटी कंपनीच्या लोकांनी दाखवून दिलं की या सैलपणाचा फायदा घेऊन एका मेलच्या पोटात दुसरा खोटा मेल लपवून पाठवता येतो, त्याला एसएमटीपी स्मगलिंग म्हणतात, आणि त्यानंतर पोस्टफिक्सने २०२४ मध्ये आलेल्या ३.९ पासून हे मुळातच बंद केलं. डेबियन १३ मध्ये ३.१० आहे. म्हणजे सर्व्हर प्रामाणिकपणे खऱ्या टिंबाची वाट पाहत होता आणि डिव्हाइसला वाटत होतं मी तर कधीच दिला. होस्टिंगवाल्यांनी १.० चालू करून दिलं असतं तरी कदाचित आम्ही इथे येऊन अडकलोच असतो.

उपाय एका ओळीचा निघाला. पोस्टफिक्समध्ये या बंदीतून सूट द्यायची यादी असते, बेअर न्यूलाइन एक्सक्लूजन्स, आणि ती न सांगता मायनेटवर्क्सच धरते. मी डिव्हाइसचा आयपी मायनेटवर्क्सच्या बाहेर ठेवला होता म्हणून सूट लागली नाही. आता तो एकटा आयपी, शेवटी /३२ लावून, मायनेटवर्क्समध्ये घातला, वेगळं टेबल काढून टाकलं, पोस्टफिक्स रीलोड. पूर्ण लॅनची रेंज टाकू नका, एकटा आयपीच, आणि राउटरमध्ये डिव्हाइसचा आयपी पक्का करून ठेवा नाहीतर उद्या तो बदलेल आणि पुन्हा हेच.

डिव्हाइसवर सक्सेस आलं. होस्टिंगच्या आयडीवर मेल आला. सेठच्या जीमेलवर मात्र नाही, तिथून परत आला, मेसेज आयडी (प्रत्येक मेलची वेगळी ओळख सांगणारी ओळ) नाही म्हणून. आमचं डिव्हाइस मेसेज आयडी लावतच नाही, जुना सर्व्हर बहुतेक लावून देत असावा. पोस्टफिक्स दुसऱ्या मशीनवरून आलेल्या मेलला आपणहून या ओळी लावत नाही, त्यासाठी ऑलवेज अॅड मिसिंग हेडर्स ही सेटिंग येस करावी लागते. ते केलं आणि सेठच्या मोबाइलवर टिंग वाजलं.

पण टेस्टचं बटण आणि खरा अलर्ट यात फरक आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी मॅडमच्या समोर खरी परीक्षा घेतली. आमचा प्रोब ग्लायकॉलच्या बाटलीत बुडवलेला असतो, दार उघडल्याबरोबर उगाच तापमान उडू नये म्हणून. तो बाहेर काढला, पुसला आणि काकांनी मुठीत धरला. ८ च्या वर गेलं, मग १० मिनिटांचा अलार्म डिले संपायची वाट, मग बजर, मग मेल. मॅडमनी वेळ लिहून घेतली. मग दुसरी परीक्षा, मेन स्विच पाडला. आणि इथे कळलं की राउटर आणि फायबरचा डबा यूपीएसवर नव्हतेच, लाईन गेली की इंटरनेटही जाणार आणि नेमका तेव्हाच अलर्ट पाठवायचा असणार. १० तारखेच्या रात्री सर्व्हर जुना असता तरी तो मेल वेळेवर निघाला नसता. यूपीएसची ७ एएचची बॅटरी ११५० ला बदलली आणि डिव्हाइस, स्विच, राउटर, फायबरचा डबा, रिलेचा पीसी सगळं त्यावर घेतलं, मॉनिटर स्क्रीन सोडून. पोस्टफिक्स अडलेला मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा पाठवतं, पण दोन प्रयत्नांमधला वेळ वाढत वाढत तासाच्या वर जातो, ४००० सेकंदांपर्यंत, तो मी ३०० वर आणला, कारण तासाभराने आलेला अलर्ट वाचून काय करणार.

रोजच्यासाठी डिव्हाइसमध्ये एक शेड्यूल रिपोर्टची सोय होती, आजवर कोणी हात लावला नव्हता, ती सकाळी ९ ची लावली. आता रोज ९ वाजता मॅडमला तापमानाचा मेल येतो आणि साडेनऊपर्यंत नाही आला तर त्या मला फोन करतात, अलार्म असो की नसो. रविवारी पण. एसओपीमध्ये (कामाच्या लेखी पद्धतीत) त्याची ओळ घातली, रिलेच्या पीसीवर 'हा बंद करू नये' असा कागद चिकटवला, मराठीत आणि हिंदीत, आणि पोस्टफिक्सच्या दोन्ही सेटिंगच्या फाइलींची प्रिंट डिव्हाइसच्या कॅलिब्रेशनच्या फाइलमध्ये लावली, पासवर्डवाली सोडून. ३ नोव्हेंबरला दोन तासांचं रजिस्टर बंद झालं.

आता गांधीबागच्या ऑफिसातही एक फ्रिज आहे आणि त्यावर याच कंपनीचं याहून जुनं डिव्हाइस. तिथे पीसी ठेवायला टेबलाखालीसुद्धा जागा नाही, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर बसवावा लागेल, त्याचं कोटेशन सेठच्या टेबलावर ठेवून आलो आहे.